वेग दिसत नाही, उंची दिसते

चार मजली इमारतीच्या गच्चीला कठडा नसेल तर तिथे आपण लहान मुलाला पाऊल ठेवू देत नाही. स्वतःही काठापासून दोन हात लांब उभे राहतो. खाली डोकावले तरी पोटात गोळा येतो. तोच माणूस जिना उतरतो, स्कूटर काढतो, मुलाला पुढ्यात उभे करतो, हेल्मेट डिकीत ठेवतो आणि मोकळा रस्ता दिसताच ताशी ६० किलोमीटरचा काटा गाठतो. आता पोटात गोळा येत नाही. उलट वाऱ्याने बरे वाटते.

भौतिकशास्त्राच्या हिशेबात या दोन प्रसंगांत फारसा फरक नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर आदळले, तर त्याच्यात जेवढी गतिज ऊर्जा असते तेवढीच ऊर्जा सुमारे १४ मीटर उंचीवरून पडलेल्या शरीरात जमिनीला टेकताना असते. १४ मीटर म्हणजे चार मजल्यांहून थोडे जास्तच. उंचीची भीती आपल्या मेंदूत लाखो वर्षांपासून मुरलेली आहे. यंत्राच्या वेगाशी मात्र माणसाची ओळख जेमतेम दोनशे वर्षांची. त्यामुळे डोळ्यांना उंची दिसते, वेग दिसत नाही. रस्त्यावरच्या आपल्या बऱ्याच बेफिकिरीचे मूळ या न दिसण्यात आहे.

हा हिशेब कोणालाही तोंडी करता येईल. ताशी वेगाच्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला साधारण २५० ने भागायचे. आलेले उत्तर म्हणजे मीटरमधली उंची. ताशी २० किलोमीटरला ती दीड मीटरच्या आसपास येते, म्हणजे जवळपास पुरुषभर. ताशी ४० ला सव्वासहा मीटर. ताशी ८० ला पंचवीस मीटर, म्हणजे आठवा मजला. ताशी १०० ला चाळीसच्या जवळ, म्हणजे तेरावा मजला. वेग दुप्पट झाला की उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग अडीचपट झाला तर उंची सव्वासहा पट होते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. त्या वर्गाचा अर्थ रस्त्यावर येऊन कोणी सांगितलेला नसतो.

यातला ताशी ४० चा आकडा आपल्याकडच्या एका जुन्या वादाशी जुळतो. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीच्या थरांची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली होती. पुढे तो निर्बंध राहिला नाही. पण त्यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली, मुलांना वरच्या थरावर चढवावे की नाही यावर घरोघरी मते मांडली गेली. २० फूट म्हणजे सहा मीटरच्या किंचित वर. ताशी ४० च्या वेगात तेवढीच उंची दडलेली आहे. गोविंदाच्या जिवासाठी न्यायालयापर्यंत गेलेली उंची आपण रोज सकाळी मुलाला शाळेत सोडताना स्कूटरवर सहज गाठतो, तीही डोक्याला काही न लावता.

वेगाचा दुसरा फसवा भाग म्हणजे थांबायला लागणारे अंतर. ब्रेक दाबला की गाडी थांबते, असे आपण म्हणतो. खरे तर आधी समोरचा धोका दिसावा लागतो, तो धोका आहे हे मेंदूला कळावे लागते आणि मग हात किंवा पाय हलतो. यात साधारण दीड सेकंद जातो आणि त्या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. ताशी ६० ला ती २५ मीटर गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि नीट ब्रेक असतील तर आणखी २० मीटर. एकूण ४५ मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या चार एसटी गाड्यांएवढे अंतर. ताशी ८० ला हेच अंतर सुमारे ६९ मीटर होते आणि ताशी १०० ला ९७ मीटर. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून राप बसतो, तेव्हा टायरची पकड निम्म्यावर आली असे धरले, तर ताशी ६० चे ४५ मीटर ६५ मीटर होतात. गाडी तीच, चालक तोच, वेगही तोच.

आता दोन मोटारींची कल्पना करा. दोन्ही शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी ६०, दुसरीचा ७०. दोन्ही चालक सारखेच सावध, ब्रेक सारखेच. ४५ मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यात येते. दोघांनाही ते एकाच क्षणी दिसते आणि दोघेही दीड सेकंदाने ब्रेक दाबतात. पहिली मोटार मुलाच्या पुढ्यात थांबते. दुसरीचा वेग तिथे किती असेल? बहुतेक जण ताशी १० सांगतात, कारण फरक दहाचाच होता. प्रत्यक्षात तो ताशी ४५ असतो. कारण दुसऱ्या मोटारीने ब्रेक लागण्याआधीच चार मीटर जास्त कापलेले असतात आणि तिच्याजवळ जिरवायची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जास्त असते. ब्रेक सुरुवातीला वेग सावकाश उतरवतो, शेवटच्या काही मीटरमध्ये तो झपाट्याने उतरतो. नेमके तेच शेवटचे मीटर दुसऱ्या चालकाला मिळत नाहीत. 'दहाने काय होते' या प्रश्नाचे उत्तर असे आहे.

मोबाइलचा हिशेबही याच गणितात बसतो. आलेला संदेश कोणाचा, एवढे बघायला दोन सेकंद लागतात. ताशी ६० ला दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. तेवढे अंतर आपण डोळे मिटून चाललो, असाच त्याचा अर्थ. रात्रीचा हिशेब त्याहून कडक. समोरून वाहन येताना डिपर दिलेला असतो, तेव्हा आपल्या दिव्यांचा उजेड साधारण ४०-५० मीटरपर्यंतच उपयोगी पडतो. ताशी ८० ला थांबायला ६९ मीटर लागतात. म्हणजे दिसल्यावर थांबणे शक्यच नाही, अशा वेगाने आपण जात असतो. हिवाळ्यात ऊसपट्ट्यात मागे लाल दिवा नसलेली, परावर्तक पट्टी नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते आणि मागून येणारी मोटार तिच्यात घुसते. दुसऱ्या दिवशी बातमीत चालकाचा ताबा सुटल्याचे छापून येते. ताबा सुटलेला नसतो. ताबा ठेवायला लागणारे वीस-पंचवीस मीटर कधी हाती आलेलेच नसतात.

आता शरीराकडे वळू. वेगाने माणूस मरत नाही. विमानात आपण ताशी आठशे किलोमीटरने चहा पितो. जीव घेते ते अचानक थांबणे. हे ज्याने स्वतःच्या शरीरावर सिद्ध करून दाखवले तो एक डॉक्टर होता. अमेरिकी हवाई दलातले जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर रुळांवरच्या रॉकेट-गाडीत बसले. गाडीने ताशी सुमारे १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला आणि ती जेमतेम १.४ सेकंदांत थांबली. त्या थांबण्यात त्यांच्या शरीरावर क्षणभर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट ताण आला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले, त्यांची दृष्टी परत आली आणि पुढे ते वयाच्या ८९व्या वर्षापर्यंत जगले. ते वाचले याची कारणे दोन. शरीर मजबूत पट्ट्यांनी आसनाला बांधलेले होते आणि थांबायला लांबलचक अंतर मिळाले होते. स्टॅप यांनी पुढचे आयुष्य मोटारींत पट्टे यावेत म्हणून खर्ची घातले. स्वीडनचे अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंवर बांधलेला सीटबेल्ट तयार केला, तोच आज आपल्या गाडीत असतो.

शरीराला बसणाऱ्या धक्क्याचाही एक सोपा हिशेब आहे. वेगातली उंची घ्या आणि तिला थांबायला मिळालेल्या अंतराने भागा. जे उत्तर येईल तेवढे पट गुरुत्वाकर्षण. झेल घेताना खेळाडू हात मागे का ओढतो, गोधडीवर पडलेला कप का फुटत नाही, याचे उत्तर याच भागाकारात आहे. अंतर वाढले की धक्का कमी.

हेल्मेटचे सगळे शास्त्र एवढेच आहे. स्कूटर उभी असताना तोल जाऊन माणूस पडला आणि डोके दीड मीटरवरून दगडावर आपटले, असे समजू. उघडे डोके फार तर तीन मिलिमीटरमध्ये थांबते. दीड मीटर भागिले तीन मिलिमीटर म्हणजे ५०० पट. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा दिसणारा जो थर असतो, तो चेपला जातो आणि डोक्याला थांबायला अडीच सेंटिमीटर मिळतात. आता उत्तर ६० पट. म्हणजे फरक आठपटीचा. तोही उभ्या गाडीवरून पडल्यावर. म्हणूनच 'कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तर जायचे आहे' हा युक्तिवाद गणितात टिकत नाही. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. कवटी थांबली तरी मेंदू जडत्वाने पुढे जातो, समोर आपटतो, परत मागे आपटतो, रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन तुटतात. बाहेरून खरचटलेलेही दिसत नाही आणि आत रक्त साचत जाते. अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे आढळले आहे. अर्थात हनुवटीखालचा पट्टा लावला असेल तर. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडते. आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी आतला थर कायमचा चेपलेला असतो, ते बदलावेच लागते.

सीटबेल्टचे गणितही तेच. मोटारीचा पुढचा भाग चुरगळतो आणि आत बांधलेल्या माणसाला थांबायला साधारण अर्धा मीटर मिळतो. ताशी ४० ला सव्वासहा मीटर भागिले अर्धा, म्हणजे साडेबारा पट. सुदृढ शरीर ते सोसते. पण त्याच मोटारीत पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर दहा किलोचे बाळ आहे. त्या क्षणी त्या बाळाचे ओझे सव्वाशे किलोंचे होते. जगातल्या कोणत्याही आईचे हात ते धरून ठेवू शकत नाहीत. माया कमी पडते म्हणून नव्हे, स्नायूंची ताकद तेवढी नसते म्हणून. बाळाची जागा मागच्या बाजूला, त्याच्या मापाच्या, पट्ट्याने पक्क्या केलेल्या आसनात आहे.

मागे बसणाऱ्या मोठ्यांना पट्टा कशाला, हा समज तर फारच घट्ट आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. मोटार थांबली तरी आत न बांधलेले शरीर मूळ वेगानेच पुढे जात राहते आणि समोर जे येईल त्यावर आदळते. बऱ्याचदा ते पुढे बसलेल्या आपल्याच माणसावर आदळते. नियमानुसार मागच्या आसनावरही पट्टा बंधनकारक आहे. त्या घटनेनंतर काही दिवस मागचे पट्टे लागले, मग पुन्हा उशीखाली गेले.

'पण वेळ वाचतो ना?' या प्रश्नालाही आकड्यांनीच उत्तर द्यावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४ किलोमीटरचा. तो सगळाच्या सगळा ताशी १०० ने पार केला, तर ५६ मिनिटे लागतील. ताशी १२० ने ४७. घाट, टोलनाका, अवजड वाहनांची रांग हे सगळे नाहीच असे मानूनही बचत नऊ मिनिटांची. त्यासाठी ऊर्जा मात्र ४४ टक्क्यांनी वाढवायची. शहरात तर आठ किलोमीटरच्या प्रवासात ताशी ४० ऐवजी ५० ने जाऊन दोन-अडीच मिनिटे वाचतात, आणि ती पुढच्या सिग्नलला परत द्यावी लागतात.

या हिशेबाची किंमत केंद्र सरकारच्याच अहवालात नोंदलेली आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. दिवसाला सुमारे ४६२. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांहून अधिक, म्हणजे रोज चाळीसच्या वर. मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात मोडतात. एखाद्या आजाराने रोज एवढी माणसे दगावली असती तर सरकारने साथ जाहीर केली असती, आपणही घराबाहेर पडताना दहादा विचार केला असता.

तरीही सगळा दोष चालकाच्या माथी मारून मोकळे होणे बरोबर नाही. अतिवेग हा रकाना पोलिसांच्या सोयीचाही आहे. खड्डा, अंधारे वळण, दुभाजकातली बेकायदा फट, फलकाविना संपणारा रस्ता यांच्यावर गुन्हा दाखल होत नाही. गतिरोधकांचेच घ्या. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच, असा सावकाश चढणारा-उतरणारा हवा. त्यावरून ताशी २५ ने गाडी सहज जावी. आपल्या गल्लीत डांबराचा अरुंद उंचवटा एका रात्रीत उगवतो, त्याला ना पांढरे पट्टे ना आधी सूचना. मागे बसलेल्या आजीच्या मणक्याला तो पहिला हिसका देतो. पाठीच्या दुखण्याने डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत अशा हिसक्यांचे बळी कमी नाहीत.

जगाने यावर मार्ग काढला आहे. माणूस चुकणार हे गृहीत धरा आणि चूक झाली तरी जीव जाणार नाही एवढाच वेग रस्त्यावर ठेवा, हे तत्त्व स्वीडनने १९९७ मध्ये स्वीकारले. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्याने, जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा असावी, असे सांगितले. यामागेही तेच गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला, की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. शाळा, रुग्णालये, बाजारपेठा आणि एसटी स्थानके यांच्या भोवती ताशी ३० ची मर्यादा आणि ती पाळायला लावणारी रस्त्याची रचना, ही मागणी आता प्रत्येक महापालिकेकडे व्हायला हवी. नुसता फलक लावून वेग कमी होत नाही. रस्ता अरुंद भासला, पदपथ रुंद झाला, चौकात उंचवट्यावरचा पादचारी मार्ग आला की चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. ऊसपट्ट्यात गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी आणि मागे दिवा लागला आहे ना, हे कारखान्याच्या वजनकाट्यावरच तपासता येईल. त्याला फार पैसेही लागणार नाहीत.

कायद्यातही काही गोष्टी आधीच आहेत, त्या माहीत नसतात. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, मग ते मूल का असेना. चार वर्षांखालील मूल सोबत असेल तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा आणि दुचाकीचा वेग ताशी ४० च्या वर जाता कामा नये. दंडाच्या भीतीने हे पाळले तरी चालेल. पण त्यामागचे गणित एकदा कळले की पोलीस नसलेल्या चौकातही ते पाळले जाते.

त्यासाठी सोपी सवय लावून घेता येईल. पुढच्या वाहनाने एखादा खांब ओलांडला की मनात सावकाश एक, दोन, तीन मोजायचे. तीन म्हणण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे तीनाचे पाच करावेत. आणि काटा वर जाताना एकदा मनात मजला मोजावा. चाळीसला दुसरा, साठला चौथा, ऐंशीला आठवा. त्या मजल्याच्या कठड्याविना गच्चीवर, काठाला, आपल्या मुलाला आपण उभे केले असते का? उत्तर नाही असेल, तर हेल्मेट डिकीतून काढावे आणि वेग थोडा उतरवावा.